दर पावसाळ्यात गाडीत कुबट वास आणि पायाशी पाणी: तिसऱ्या वर्षी सापडलेलं कारण

“अरे, माझी चप्पल ओली कशी झाली?” ठाण्यात माजिवड्याच्या सिग्नलला आईने विचारलं. बाहेर पाऊस होता, पण ती सोसायटीच्या पोर्चमधून कोरडीच गाडीत बसली होती. मी वाकून मॅट चाचपली. वरून फक्त दमट. मॅट उचलून खालचं कार्पेट दाबलं, तर बोटांच्या फटींतून पाणी वर आलं.

जूनपासून गाडीत एक वास येत होता. तो मी आधी जिमच्या बॅगेवर ढकलला, मग मुलाच्या फुटबॉलच्या बुटांवर. त्या दिवशी बुटांची निर्दोष सुटका झाली. पाण्याचं कारण सापडायला मात्र तीन पावसाळे गेले, आणि त्यात माझ्याच चुका जास्त होत्या. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

गाडी २०१७ची पेट्रोल हॅचबॅक. राहायला मानपाड्याला, ऑफिस ऐरोलीत. गाडी दिवसा ऑफिसबाहेर उघड्यावर, सोनमोहराच्या झाडांखाली. रात्री सोसायटीच्या पोडियमखाली, जिथे ऊन बारा महिने पोचत नाही. म्हणजे दिवसभर भिजायचं आणि रात्रभर कोंडून राहायचं. घोडबंदर पट्ट्यातल्या बऱ्याच गाड्यांचं वेळापत्रक हेच आहे.

आधी वास ओळखा

गाडीत वास येतोय म्हटलं की दुकानदार जेलची डबी पुढे करतो. मीही घेतली. पहिल्या वर्षी गाडीत मोगरा आणि ओली गोणी असा मिश्र वास येत होता. डबीला माझा विरोध नाही, पण ती लावली की आपलं नाक निकामी होतं आणि तपास थांबतो. आधी डबी काढून टाका.

एसी सुरू केल्यावर पहिला अर्धा मिनिट आंबूस, न धुतलेल्या मोज्यांसारखा वास येऊन मग कमी होत असेल, तर दोष बहुधा डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलवर आहे. एसी चालला की ती ओली होते, तिच्यावर धूळ चिकटते आणि त्यावर जंतू वाढतात.

एसी बंद असताना, सकाळी दार उघडल्या उघडल्या वास अंगावर येत असेल, तर कार्पेट किंवा सीट ओली आहे. माझी मुख्य केस ही.

वास गोडसर असेल, पुढच्या काचेला आतून चिकट धुकं धरत असेल आणि बॉनेटखालच्या टाकीतलं कूलंट कमी होत असेल, तर पायाशी आहे ते पावसाचं पाणी नाहीच. हीटरची कॉइल गळते आहे. पुढचं वाचण्याआधी गाडी गॅरेजला न्या, कारण कूलंट संपलं तर इंजिन तापतं.

आणि वास सरळ सडका असेल तर उंदीर. हसू नका. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पावसात उंदरांना कोरडी, उबदार जागा हवी असते, आणि बॉनेटखाली दोन्ही मिळतं.

पाणी कुठून येतं

माझी मोठी चूक इथे झाली. पहिल्या वर्षी पाण्याचा शोध न घेता मी ‘इंटिरियर क्लीनिंग’ करून घेतलं. त्यांनी फेस फवारला, ब्रश मारला, व्हॅक्यूम फिरवला आणि डॅशबोर्ड चकचकीत केला. गाडी दोन दिवस छान दिसली. कार्पेट मात्र आधीपेक्षा जास्त ओलं झालं होतं, कारण त्याच्या खालचा जाड फोम स्पंजासारखा पाणी पितो आणि वरून व्हॅक्यूम लावून ते पुरतं निघत नाही.

आधी रद्दी काढा. चारही जागी मॅटखाली वर्तमानपत्राच्या दोन-दोन घड्या घाला आणि एक-दोन जोरदार सरी जाऊ द्या. कोणती घडी भिजली आणि कोणत्या बाजूने भिजली, हे पाहा. इंजिनकडची कड ओली असेल तर एसीचा पाईप किंवा वायपरखालची जाळी. दाराकडची कड ओली असेल तर दार. मागच्या पायाशी पाणी असेल तरी लगेच मागचं दार दोषी ठरवू नका. पुढे शिरलेलं पाणी चढावर मागे वाहत जातं.

माझी घडी दोन्ही कडांनी भिजली होती. मी इंजिनकडची कड पाहिली आणि दाराकडची सोडून दिली. दोन वर्षं त्यात गेली.

एसीचा पाईप सर्वांत आधी तपासा, कारण तो फुकटात तपासता येतो. कूलिंग कॉइलवर हवेतली वाफ थंड होऊन पाणी सुटतं, आणि ते एका रबरी नळीतून गाडीखाली पडतं. पावसाळ्यातल्या दमट हवेत उघड्या जागी एसी लावून गाडी पंधरा-वीस मिनिटं उभी ठेवा. खाली पाण्याचं छोटं थारोळं दिसायलाच हवं. जमीन कोरडी राहिली तर नळी तुंबली आहे आणि ते पाणी आत, बहुधा डावीकडच्या पायाशी उतरतं आहे.

२०२२ साली आमच्या मिस्त्रीने गाडी लिफ्टवर घेतली, ती नळी शोधली आणि तिचं टोक दोन बोटांत चुरगाळलं. आतून मातीचा काळा गोळा सुटला आणि मागोमाग ग्लासभर गढूळ पाणी त्याच्या कोपरापर्यंत ओघळलं. “साहेब, हेच होतं बघा,” तो म्हणाला. होतंच, पण एवढंच नव्हतं. खालून हलकी हवा मारूनही ही नळी मोकळी होते. लोखंडी तार किंवा स्क्रूड्रायव्हर मात्र आत खुपसू नका, वर नाजूक कॉइल आहे.

पुढच्या जूनला पाणी परत आलं. यावेळी वायपरखालची जाळी. काच जिथे बॉनेटला भेटते तिथे प्लास्टिकची काळी जाळी असते. काचेवरून वाहणारं पाणी तिच्यातून एका पन्हळीत जातं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकाच्या मागे जमिनीवर पडतं. एसीच्या ब्लोअरला बाहेरची हवाही याच जागेतून मिळते. पन्हळ तुंबली की पाणी चढतं आणि ब्लोअरच्या वाटेने आत घुसतं.

एप्रिल-मेमध्ये सोनमोहराचा पिवळा सडा पडला की फोटोला गाडी फार सुंदर दिसते. त्याच पाकळ्या जाळीतून आत जातात, घोडबंदर रोडवरची धूळ त्यांच्यावर बसते आणि जूनमध्ये त्याचा लगदा होतो. मी जाळी उचलून हाताने काढला तेव्हा घमेल्याच्या तळाला पुरेल इतका चिखल निघाला. ग्लव्ह बॉक्समागचा एसी फिल्टर काढला तर त्याचा एक कोपरा कुरतडलेला आणि घड्यांमध्ये शेंगांची टरफलं. बदलताना फिल्टरवरचा बाण पाहून, तो हवेच्या दिशेने ठेवूनच नवा बसवा.

ही चाचणीही सोपी आहे. जाळीत एका बाजूला मगभर पाणी हळूहळू ओता. काही क्षणांत ते चाकामागून धारेने पडलं तर वाट मोकळी. थेंब-थेंब आलं किंवा आलंच नाही तर लगदा आहे. वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशरचा पाईप थेट जाळीत मारू देऊ नका. कचरा आणखी आत ढकलला जातो आणि पाणी ब्लोअरपर्यंत जातं.

खरा चोर

तिसऱ्या वर्षी, २०२४च्या जुलैमध्ये, पाईप मोकळा, जाळी स्वच्छ आणि कार्पेट तरीही ओलं. वैतागून मी शेवटी ते करून पाहिलं जे पहिल्या वर्षीच करायला हवं होतं: सगळं कोरडं करून एका वेळी एकाच वाटेने पाणी सोडायचं. मुलाला टॉर्च देऊन पुढच्या डाव्या पायाशी बसवलं आणि मी बाहेरून बादली-मग घेऊन. आधी खाली दाराच्या उंबऱ्यापाशी पाणी, मग हळूहळू वर. खालून वर जायचं, कारण वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडेच जातं आणि काहीच कळत नाही. दाराच्या काचेच्या बाहेरच्या रबरावर तिसरा मग ओतला आणि आतून आवाज आला, “बाबा, स्पीकरच्या खालून येतंय!”

स्पीकर मी २०२१च्या दिवाळीत एका ॲक्सेसरीजच्या दुकानात बदलून घेतले होते. वास सुरू झाला २०२२च्या जूनमध्ये. या दोन गोष्टी मी तीन वर्षं शेजारी ठेवून पाहिल्याच नव्हत्या.

दाराची रचना माहीत असती तर आधीच लक्षात आलं असतं. दारात पाणी शिरणं हा दोष नाही. काच वर-खाली होते त्या फटीतून पावसाचं पाणी दाराच्या पोकळीत उतरतं आणि दाराच्या खालच्या कडेला असलेल्या भोकांतून बाहेर पडतं. ते गाडीत येऊ नये म्हणून दाराचा पत्रा आणि आतलं डोअर पॅड यांच्यामध्ये प्लास्टिकचा किंवा फोमचा एक पडदा काळ्या चिकट पट्टीने चिकटवलेला असतो. स्पीकर, काचेची मोटर किंवा लॉकचं काम निघालं की तो सोलावा लागतो. घाईतला माणूस तो फाडतो आणि वरून पॅड ठोकून देतो. माझ्या दारात पडद्याचा खालचा अर्धा भाग लोंबत होता आणि त्यावर चिखलाच्या तीन वेगवेगळ्या उंचीच्या रेघा होत्या.

दुरुस्ती स्वस्तात झाली. पत्र्यावरची धूळ स्पिरिटने पुसली, पडद्याला मागून नवं जाड प्लास्टिक जोडलं आणि ब्यूटाइल टेपने (रबरासारखी चिकट पट्टी) कडा दाबून बसवल्या. पडद्याचं खालचं टोक दाराच्या पोकळीच्या आत वळलेलं हवं, म्हणजे त्यावरून ओघळलेलं पाणी पत्र्याच्या आतच पडतं. सेलोटेप ओलाव्यात सुटतो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉनही वापरू नका, ते सुकताना सुटणाऱ्या ॲसिडने पत्रा गंजतो. दाराच्या खालची भोकं दात कोरायच्या काडीने किंवा केबल टायच्या टोकाने मोकळी करा. दार उघडताना आतून ‘डुबुक’ असा आवाज येत असेल तर ती भोकं बंद आहेतच.

सनरूफवाल्यांसाठी थोडं वेगळं. सनरूफच्या चौकटीच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या खांबांमधून खाली येतात. छताच्या कापडावर चहाच्या रंगाचा डाग दिसला की संशय तिथे. तार घालू नका आणि जोरात हवा मारू नका, आतला जोड निसटला तर छत उतरवावं लागतं. मासेमारीची जाड तंगूस हलक्या हाताने सरकवा. डिकीत स्टेपनीखाली पाणी साचत असेल तर मागच्या दिव्याचं रबर आणि डिकीचं बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, पाहा.

कार्पेट वाळवताना

पाण्याची वाट बंद केल्याशिवाय वाळवायला घेऊ नका. आणि वरून कोरडं लागलं म्हणजे वाळलं असं नाही.

दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी वर ओढली की निघते. मग कार्पेटची कड उचलता येते, सीट काढावी लागत नाही. कार्पेट आणि पत्रा यांच्यामध्ये एक लिटरची रिकामी बाटली आडवी सरकवा, म्हणजे हवा खेळेल. फोम टॉवेलने दाबून पिळून घ्या. मी तिसऱ्या वर्षी दीड मग पाणी काढलं. मग टेबल फॅन. सेक्रेटरीकाकांची परवानगी काढून लिफ्टच्या लॉबीतून वायर ओढली आणि चार दिवस फॅन लावला. चौथ्या दिवशी हात घातल्यावर पत्रा कोरडा आणि फोम हलका लागला. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर त्यांना हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात.

बाहेर उघड्यावर असाल तर एसी आणि हीटर एकत्र चालवणं हा वाळवायचा उत्तम उपाय. एसी हवेतलं पाणी काढतो, हीटर ती हवा गरम करतो. पण बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून हे करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

‘सेव्हन-डी’ मॅट, म्हणजे पायाशी घट्ट बसणारी जाड, थरांची मॅट, तिच्याबद्दल माझं मत कडवट आहे. चिखल झटकायला ती छान, पण खालची ओल बाहेर पडू देत नाही. पूर्ण फ्लोअरला रेक्झिन चिकटवून घेतलेलं असेल तर आणखी वाईट, खाली पत्रा गंजेपर्यंत पत्ता लागत नाही. पावसाळ्यात साधी रबराची मॅट ठेवा आणि रविवारी काढून उभी करा.

विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली किंवा वंदना टॉकीजजवळ साचलेल्या पाण्यात गाडी बुडाली असेल तर वरचं सगळं विसरा. ते गटाराचं पाणी असतं. गाडी चालू न करता टो करून न्या, विमा कंपनीला कळवा आणि फोम बदलूनच घ्या.

बुरशी

ओल होती तेवढ्या काळात सीटबेल्टवर आणि स्टीअरिंगच्या मागच्या बाजूला पांढरे ठिपके आले होते. बुरशीला ओल लागते आणि खायला घाम, त्वचेचं तेल, बिस्किटाचा चुरा. कोरड्या ब्रशने झटकू नका, बीजाणू गाडीभर उडतात. दारं उघडा, मास्क लावा आणि ओल्या फडक्याने टिपून घ्या.

प्लास्टिक आणि स्टीअरिंगला सौम्य साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं, आणि हट्टी डागावर ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. चामडं किंवा रेक्झिन असेल तर आधी सीटच्या मागे, न दिसणाऱ्या जागी लावून पाहा. कापडी सीटला पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान, हलका फवारा आणि लगेच फॅन. डिस्प्लेला अल्कोहोल किंवा काचेचा स्प्रे नको, त्याचा थर उडतो. ओलसर मायक्रोफायबर पुरेसं आहे. ब्लीच कुठेच वापरू नका, आणि व्हिनेगर किंवा संडासच्या ॲसिडबरोबर तर मुळीच नाही, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

सीटबेल्टला वेगळी वागणूक द्या. तो जीव वाचवतो, त्यामुळे तिथे फक्त साबणाचं पाणी. पट्टा पूर्ण बाहेर ओढायचा, वरच्या टोकाला कपड्यांचा चिमटा लावायचा म्हणजे तो आत जात नाही, पुसायचा आणि तसाच रात्रभर वाळू द्यायचा. ओला पट्टा गुंडाळू दिला तर आठवड्यात ठिपके परत.

डॅशबोर्डच्या चकचकीत पॉलिशने बुरशी मरत नाही. उलट धूळ चिकटते आणि उन्हात काचेवर चकाकी येते. स्टीअरिंगला आणि पेडलला तर ते लावायचंच नसतं, हात-पाय घसरतात.

बाहेरून थोडंसं

सोसायटीत पहाटे गाड्या पुसणारे दादा एका बादलीत दहा गाड्या करतात. त्यांचा दोष नाही, पाणीच तेवढं मिळतं. पण आधी धूळ न धुता फडकं फिरवलं की रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटतात. मी त्यांना माझी दोन फडकी आणि एक वेगळी बादली दिली आणि सांगितलं, “दादा, पावसात रोज पुसू नका, आठवड्यातून दोनदा आधी पाणी मारून करा.” टँकरचं किंवा बोअरिंगचं पाणी असेल तर काचेवर वाळू देऊ नका, क्षारांचे पांढरे गोल राहतात. राहिलेच तर व्हिनेगर-पाण्याच्या फडक्याने काच पुसून धुवून टाका. कबुतराची शीट कोरडी खरवडू नका. ओलं फडकं पाच मिनिटं ठेवून उचला.

बीडिंगच्या रबराला मेअखेर सिलिकॉन ग्रीसचा हलका हात दिला तर ते चिरत नाही. ओल्या गाडीवर कव्हर टाकू नका. आणि घरी पोचायच्या तीन-चार मिनिटं आधी एसीचं बटण बंद करून पंखा चालू ठेवा, म्हणजे कॉइल कोरडी होते. माझ्या गाडीत एसीचा तो पहिल्या अर्ध्या मिनिटाचा वास यानेच गेला.

२०२५च्या मेमध्ये मी वर्तमानपत्राच्या घड्या परत घातल्या आणि सप्टेंबरअखेर काढल्या. डावीकडची उघडली तर आतलं शब्दकोडं पेनने सोडवता येईल इतकी कोरडी होती. मागच्या उजव्या पायाशी मात्र कडेला बोटभर डाग आहे. त्या दाराचा स्पीकरही त्याच दुकानात बदलला होता. या शनिवारी पॅड उघडतोय.